जंगीतून काय दिसतं

पेव्हन्सीच्या रोमन तटात काही जंग्या, म्हणजे भिंतीतून मारा करायच्या फटी, अशा आहेत, ज्या रोमनांनी ठेवलेल्या नाहीत. नॉर्मनांनीही नाहीत. त्या १९४० सालच्या आहेत. पडक्या भिंतीच्या दगडांआड एक आडवी, बुटकी फट दिसते आणि जवळ गेल्यावर कळतं की तिच्या आतली कड दगडाची नाही, काँक्रीटची आहे. लांबून कळू नये म्हणूनच ती तशी केली होती. आजही बरेच लोक तिच्यासमोरून किल्ल्याचे फोटो काढत निघून जातात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्ट ससेक्समध्ये हा किल्ला आहे. बाहेरचा लांबरुंद तट रोमनांचा, तिसऱ्या शतकाच्या अखेरचा. २८ सप्टेंबर १०६६ रोजी नॉर्मंडीचा विल्यम याच पेव्हन्सीला उतरला आणि रोमन तटाच्या आत त्याने आपला तळ टाकला. मग तिथेच दगडी बालेकिल्ला उभा राहिला. १५८८ साली स्पेनचं आरमार येणार म्हणून तोफा ठेवल्या गेल्या. त्यानंतर बराच काळ नुसते अवशेष. १९२५ मध्ये ते सरकारच्या ताब्यात आले आणि पंधरा वर्षांत पुन्हा लढाईच्या तयारीला लागले. फ्रान्स पडला होता, खाडीपलीकडे जर्मन सैन्य होतं आणि पेव्हन्सीचा सपाट किनारा त्यांच्या उतरण्याच्या बेतात बसत होता.

तेव्हा बालेकिल्ल्याच्या बुरुजांना आतून विटांचं अस्तर दिलं, लाकडी तक्तपोशी केली, विजेचे दिवे लावले आणि त्यात सैनिक राहू लागले. पश्चिमेच्या रोमन दरवाजाच्या तोंडावर रणगाड्यांना अडवायला एक ठाणं बांधलं. तटात आणि पडक्या भिंतींत मशीनगनच्या चौक्या बसवल्या आणि वरून जुने दगड लावून त्या झाकून टाकल्या. युद्ध संपल्यावर दरवाजातलं ठाणं पाडलं, पण बाकीच्या चौक्या मुद्दाम ठेवल्या. या किल्ल्याच्या लढाऊ इतिहासातलं हे शेवटचं पान आहे, ते फाडायचं कशाला, असा तो विचार होता. १९४५ साली, म्हणजे लोक युद्धाला अगदी विटलेले असताना कुणाला तरी हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आज किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि त्यासोबत १९४० चं काँक्रीटही.

मी जुन्या काँक्रीटचं काम करते. पूल, पाण्याच्या टाक्या, पार्किंगच्या इमारती, जे काही साठ-सत्तर वर्षांचं झालंय ते अजून किती टिकेल हे बघणं हा माझा रोजचा व्यवसाय. बाबा तिकडे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. ते इकडे आले होते तेव्हा त्यांना मी पेव्हन्सीला घेऊन गेले. तट बघून ते खूश झाले, पण जंगीपाशी आल्यावर खरे रमले. हात फिरवला, वाकून आत पाहिलं.

"अगं, हे दगड नुसते वरून लावलेत. आत सगळं काँक्रीट आहे."

"हो बाबा, विमानातून दिसू नये म्हणून."

"ते कळलं. पण समोर काय होतं?" असं म्हणून ते जंगीच्या बाजूला उभे राहिले आणि तिच्या रोखाने बघत राहिले. समोर गवताळ सपाटी. रोमन काळात इथे पाणी होतं, किल्ला जवळजवळ समुद्रात घुसलेल्या जिभेवर होता. आता समुद्र दीड-एक किलोमीटर मागे गेलाय. म्हणजे ज्या ठिकाणी विल्यमच्या नावा लागल्या असतील, ती जमीन १९४० च्या मशीनगनच्या माऱ्यात येत होती.

बाबांचा तो प्रश्न मी पुढे प्रत्येक पिलबॉक्सपाशी, म्हणजे जंग्या असलेल्या अशा प्रत्येक काँक्रीटच्या चौकीपाशी विचारू लागले. समोर काय होतं? कारण पिलबॉक्स ही काही खोली नव्हे. त्यात राहायचं नसतं, साठवायचं नसतं. एका ठरावीक गोष्टीकडे बघत बसण्यासाठी ती बांधलेली असते: एक पूल, एक वळण, नदीतला एक उतार, कुंपणातलं एक फाटक. ती गोष्ट समोरून गेली की भिंती शाबूत असूनही पिलबॉक्स अर्धा संपलेला असतो. त्यांच्या संरक्षणाबद्दल इतकं बोललं जातं, पण बोलणारे बहुतेक वेळा काँक्रीटकडे बघत असतात, जंगीतून बाहेर फार थोडे बघतात.

आता थोडं १९४० बद्दल. डंकर्कहून सैन्य परत आलं ते ४ जूनपर्यंत. माणसं वाचली, पण तोफा, गाड्या, रणगाडेविरोधी बंदुका बहुतेक फ्रान्समध्येच राहिल्या. मायदेशातल्या सैन्याची सूत्रं मेअखेर जनरल एडमंड आयर्नसाइडकडे आली होती. हाताशी जे नव्हतं त्याची भरपाई त्याने मातीने, पाण्याने आणि काँक्रीटने करायचं ठरवलं. किनाऱ्यावर एक कवच, आणि देशाच्या आत नद्या, कॅनॉल, रेल्वेचे भराव यांना धरून अडथळ्यांच्या रेषा, ज्यांना स्टॉप लाइन म्हणत. त्यातली मुख्य जीएचक्यू (जनरल हेडक्वार्टर्स) लाइन लंडन आणि मधला औद्योगिक मुलूख यांच्या रक्षणासाठी. कॅनॉल म्हणजे आयता खंदकच. रणगाडा कॅनॉलमध्ये उतरला तरी पलीकडे चढू शकत नाही, त्यामुळे तो पुलाकडेच येणार, आणि पुलावर नजर ठेवून पिलबॉक्स बसलेला.

युद्ध खात्याच्या बांधकाम शाखेने, जिला एफडब्ल्यू-३ म्हणत, त्या उन्हाळ्यात नमुना नकाशे काढले. टाइप २२ पासून २८ पर्यंत. २२ हा नियमित षटकोन. २४ हाही षटकोनच, पण मागची भिंत लांब, तिच्यात दार आणि दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान जंगी. २५ गोल, पन्हाळी पत्र्याच्या साच्यात ओतलेला. २७ मोठा, मध्यभागी उघडा, विमानावर मारा करायला. २८ सगळ्यांत अवजड, दोन पौंडी रणगाडेविरोधी तोफेसाठी. भिंतीची जाडी बंदुकीची गोळी अडवायची असेल तर बारा-पंधरा इंच, तोफगोळा अडवायचा असेल तर बेचाळीस इंचांपर्यंत. नकाशे केंद्रातून आले, पण बांधणारे गावोगावचे कंत्राटदार होते, ज्यांनी त्याआधी घरं, गोठे आणि दुकानं बांधली होती. त्यामुळे एकाच टाइपचे दोन पिलबॉक्स शेजारी पाहिले तर सारखे नसतात. एकाने जंगीच्या चौकटी तयार आणून बसवल्या, दुसऱ्याने जागेवर ओतल्या. एकाने विटांचा साचा केला आणि तो तसाच ठेवून दिला, दुसऱ्याने फळ्या वापरल्या.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आयर्नसाइडच्या जागी जनरल ॲलन ब्रुक आला. त्याचा भर हलत्या, झटपट धावून जाणाऱ्या सैन्यावर होता. काँक्रीटच्या रेषांवर त्याचा विश्वास नव्हता. १७ सप्टेंबरला हिटलरने स्वारी बेमुदत पुढे ढकलली. म्हणजे ही सगळी धावपळ मुख्यतः एका उन्हाळ्याची. एवढ्यात आणि नंतरच्या काही काळात ब्रिटनमध्ये सुमारे २८,००० पिलबॉक्स आणि तत्सम पक्क्या चौक्या उभ्या राहिल्या असा अंदाज सांगतात. त्यांतल्या साडेसहा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. ज्या हल्ल्यासाठी त्या बांधल्या, तो कधी झालाच नाही.

"मग त्या जपायच्या कशाला?" हे मी खूपदा ऐकलंय. आमच्या इथे, केनेट अँड एव्हन कॅनॉलच्या काठी, न्यूबरी आणि हंगरफर्डच्या मधल्या पट्ट्यात राहणारे सज्जन, समजूतदार लोक हा प्रश्न विचारतात. कॅनॉल १८१० साली पूर्ण झाला आणि १९४० मध्ये जीएचक्यू लाइनची एक फांदी, ब्लू लाइन, त्याच्या काठाने गेली. शत्रू दक्षिणेकडून येणार हे गृहीत, म्हणून पिलबॉक्स मुख्यतः उत्तर काठावर. आमच्या जवळचा टाइप २४ आहे. तो संरक्षित वास्तूंच्या कुठल्याही यादीत नाही. गावातल्या काहींनी मिळून त्याच्यासाठी अर्ज करायचं ठरवलं आणि त्यातला बांधकामाचा भाग माझ्याकडे आला.

आत गेलं की पहिल्यांदा लागते ती मधली वाय आकाराची भिंत. आत शिरलेली गोळी भिंतींवर आपटत फिरली तर आतले सगळेच मरतील, म्हणून खोलीचे भाग पाडलेले. तीच भिंत छताला आधारही देते. छताच्या पोटाला साच्याच्या फळ्यांचे ठसे आहेत. गाठी, भेगा, एका ठिकाणी फळी कमी पडली म्हणून आडवा जोडलेला तुकडा, सगळं उमटलंय. बाबांनी मोबाइलचा उजेड तिरका धरून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फळ्यांना रंधा मारलेला नाही. आणि एका दिवसात भिंत संपवलेली नाही, इथे बघ, आदल्या दिवशीचं काम थांबलंय." खरंच, कमरेच्या उंचीवर कोल्ड जॉइंटची रेष सगळीकडे फिरलेली आहे. तिच्या खाली खडी उघडी पडलीय, कारण व्हायब्रेटर नव्हता, बांबूसारखं काहीतरी घेऊन हातानेच कोचलं असणार. वरच्या थरात मात्र काम चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी मुकादम बदलला की सगळ्यांचा हात बसला, ते आता कोण सांगणार. पण कागदोपत्री कुठेच न सापडणारी ती दोन दिवसांची हकिगत त्या भिंतीत आहे, आणि माझ्या लेखी हे एकच कारण जपायला पुरेसं आहे.

कायद्याला मात्र एवढं पुरत नाही, आणि पुरू नयेच. इंग्लंडमध्ये दोन वाटा आहेत. एक शेड्यूल्ड मॉन्युमेंटची. त्या परंपरेचा पहिला कायदा १८८२ चा, आज चालतो तो १९७९ चा. दुसरी लिस्टेड बिल्डिंगची, जिच्यात ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू असे दर्जे. अर्ज कुणीही करू शकतो. हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारची वारसा संस्था तपासणी करून शिफारस करते, निर्णय मंत्र्यांचा. शेड्यूल करताना काळ, दुर्मीळपणा, कागदपत्रं, अवस्था, धोका, आजूबाजूच्या समूहातलं स्थान असे निकष लावतात. साडेसहा हजारांतल्या एका साध्या टाइप २४ ला दुर्मीळ म्हणता येत नाही. आमच्या बाजूने जे काही आहे ते 'समूह' या एका निकषात आहे, आणि तिथे पुन्हा बाबांचा प्रश्न येतो.

उरलेल्यांची मोजदाद झाली तीही लोकांनीच केली. १९९५ ते २००२ या काळात डिफेन्स ऑफ ब्रिटन प्रोजेक्टमध्ये सहाशेच्या घरातल्या हौशी माणसांनी शेतं, बंधारे, झुडपं तुडवत जवळपास वीस हजार लष्करी जागांची नोंद केली. ती नोंद नसती तर आज कुठला ठेवायचा आणि कुठला जाऊ द्यायचा हे ठरवायला काही आधारच नव्हता.

शेड्यूल झालेल्या जागी परवानगीशिवाय काहीही करता येत नाही. पाडणं दूरच, दुरुस्तीलाही संमती लागते. तिथे परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. माझ्या कामात आम्ही काँक्रीटचा ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतो. गुलाबी झालं तर आतली सळई अजून सुरक्षित, रंग आला नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून काँक्रीटची अल्कता गेलेली. मग सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं कव्हर उडवून लावतो. शेड्यूल्ड पिलबॉक्सवर एवढा छोटा तुकडा काढायलाही कागद करावा लागतो. मला ते योग्यच वाटतं. पण उलट बाजूही आहे. मालकाने देखभाल केलीच पाहिजे अशी सक्ती हा दर्जा करत नाही. पाडू नका एवढं सांगतो, पडू देऊ नका असं सांगत नाही. पूर्व यॉर्कशरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर तर मातीचा कडाच दरवर्षी मागे हटतो, आणि किल्नसीजवळ युद्धकाळातली अजस्र बांधकामं समुद्रकाठी कलंडून पडली आहेत. तिथे कुठली यादी काय करणार?

वटवाघळांबद्दलही सांगायला हवं. थंड, दमट, अंधारी जागा त्यांना हिवाळ्यात झोपायला आवडते, आणि त्यांना स्वतंत्र कायद्याचं संरक्षण आहे. काही ठिकाणी पिलबॉक्सच्या जंग्या बुजवून, दाराला जाळी लावून मुद्दाम त्यांच्यासाठी जागा केली जाते. वटवाघळं राहावीत, माझी काही तक्रार नाही, पण सगळ्या जंग्या बुजवू नयेत. एखादी पुलाकडची उघडी ठेवता येईल का, एवढं विचारावं.

आमच्या गावच्या बैठकीत एकाने सुचवलं की पिलबॉक्स धुऊन, आतून पांढरा रंग देऊन, बाहेर बाकडं आणि माहितीचा फलक लावावा. सूचना मनापासून होती. मी विरोध केला. रंग दिला की फळ्यांचे ठसे आणि ती कोल्ड जॉइंटची रेष गेलीच. बाहेरच्या दुरुस्तीला आधुनिक गुळगुळीत मॉर्टार फासलं तरी तेच होतं: जाडी शाबूत, हकिगत पुसलेली. फलक लावा, पण लांब, वाटेच्या कडेला. आणि त्यावर पिलबॉक्सचं चित्र नको, तो समोर उभाच आहे. जंगीतून दिसणाऱ्या दृश्याचं चित्र हवं.

हे दृश्य मी अर्जासाठी काढलंय. प्रत्येक जंगीत कॅमेरा ठेवून, कोन मोजून. दक्षिणेच्या दोन जंग्यांचा मारा विटांच्या कमानी पुलावर एकमेकांना छेदतो. पश्चिमेची जंगी कॅनॉलच्या सरळ पट्ट्याकडे रोखलेली आहे. पूर्वेच्या जंगीतून कुरणापलीकडे पुढचा पिलबॉक्स दिसायला हवा आणि दिसत नाही, मधे हॉथॉर्नचं कुंपण माजलंय. पानगळीनंतर पुन्हा गेले तेव्हा फांद्यांमधून त्याचा कोपरा सापडला. हा याला झाकतो आणि तो त्याला झाकतो, एकट्याने कुणीच उभं राहू शकत नाही, अशी ती आखणी आहे. समूह या निकषाखाली मी हेच लिहिलं. फोटो जोडले, नकाशावर माऱ्याचे पंखे काढले. नियोजनाच्या नियमांत वारसावास्तूच्या परिसराचाही विचार करावा लागतो. उद्या दक्षिणेच्या शेतात घरं आली तर पुलाकडची ती मोकळी नजर कुणीतरी हिशेबात धरावी, यासाठी हा कागद कामाला येईल. घरं होऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. लोकांना घरं हवीत. पुलापर्यंतची एक पाचर मोकळी ठेवावी, रस्ता किंवा मैदान तिथून न्यावं, एवढंच.

बाबांचं आणि माझं एका गोष्टीवर जमत नाही. पिलबॉक्सच्या छताची दक्षिणेकडची कड फुटलीय. पाणी तिथून उतरतं, सळई गंजून बाहेर आलीय. बाबांचं म्हणणं, यादीत नाव लागायच्या आत मालकाला सांगून ती कड करून घ्या, एका दिवसाचं काम आहे. नंतर संमतीच्या फेऱ्यात दोन पावसाळे जातील आणि ढपली पडेल. व्यवहार म्हणून ते बरोबर बोलतायत. पण ज्या दुरुस्तीला कुणी प्रश्न विचारणार नाही, ती घाईत कुठल्यातरी पिशवीतल्या तयार मालाने होते, हे मी कामावर पुष्कळ पाहिलंय. जुन्या काँक्रीटमध्ये इथल्याच नदीची गोल गारगोटी आहे, वाळू पिवळसर आहे. त्याला जुळणारा माल करायचा तर नमुना, चाचणी आणि थोडा वेळ लागतो. तोवर छतावर एक तात्पुरता ताडपत्रीचा उतार द्यावा, त्याने काँक्रीटला हातही लागणार नाही, असं मी सुचवलंय आणि मालक त्याला तयार आहेत. बाबांना ताडपत्री पसंत नाही, वाऱ्याने उडेल म्हणतात. फोनवर त्यांनी मला दोरी कुठून कशी न्यायची ते सविस्तर सांगितलंय, छताला एकही खिळा न मारता.